‘रन’ची धाव कुठवर?

गल्लीत क्रिकेट खेळणारं पोर ‘दोन रन पळून काढले’ असं सांगतं, तेव्हा इंग्रजी नाम आणि मराठी क्रियापद एकाच धावेत गुंफलं गेलंय, हे त्याच्या गावीही नसतं. त्याला काहीच अडत नाही. अडतं ते कोशकाराचं.

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची पहिली आवृत्ती १८८४ पासून भागाभागानं निघत १९२८ मध्ये पुरी झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद होती ‘सेट’ या शब्दाची. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नव्यानं काम सुरू झालं आणि पीटर गिलिव्हर या संपादकांच्या वाट्याला ‘रन’ आला. हा तीन अक्षरी इंग्रजी शब्द त्यांना सुमारे नऊ महिने पुरला. नुसत्या क्रियापदाच्या अर्थछटा भरल्या ६४५!

एवढं पीक आलं कुठून? थोडं मूळ जर्मॅनिक घराण्यात आहे. आजच्या जर्मनमध्ये पाणी झिरपतं, ओघळतं त्याला ‘रिनन’ आणि माणूस पळतो त्याला ‘रेनन’, अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीनं वाहणं आणि धावणं एकाच खात्यात जमा केलं. म्हणून इंग्रजीत नदी, नळ, सर्दी झालेलं नाक आणि धुण्यात पडलेला कच्चा रंग सगळेच ‘रन’ होतात. मराठीत नदी वाहते, नाकही वाहतं, नळ चालू राहतो आणि रंग जातो. अर्थात साडीसकट दुसऱ्या चार कपड्यांची वाट लावूनच जातो.

दुसरं कारण यंत्रांचं सांगतात. सायमन विंचेस्टर या ब्रिटिश लेखकानं २०११ मध्ये लिहिलं, की ‘सेट’ हा जुन्या, बैठ्या काळाचा शब्द आणि ‘रन’ यंत्रयुगाच्या धावपळीचा. इंजिन, गिरणी, घड्याळ, संगणकाचा प्रोग्रॅम, सगळं त्याच्या पोटात मावलं. म्हणणं आकर्षक आहे, पण अर्धंच पटतं. कारण तीच यंत्रं मराठी मुलखातही आली आणि मराठी माणसानं त्यांना पळवलं नाही, चालवलं. गिरणी चालते, घड्याळ चालतं, दुकान चालतं. सिनेमा पंचवीस आठवडे चालतो, खटला पंचवीस वर्षं. फाटकी नोट चालत नाही. आणि चहा नाही, कॉफी आहे म्हटल्यावर पाहुणा म्हणतो, ‘चालेल.’ इंग्रज जिथे धावला त्यातल्या कितीतरी जागी मराठी माणूस सावकाश चालत पोचला. तेव्हा सगळं श्रेय वाफेच्या इंजिनाला देण्यात अर्थ नाही. भाषेची आपली एक सवयही असते.

आगगाडीपाशी मात्र मराठीचे दोन तट पडतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी ‘धावली’, असंच आपण लिहितो. मुंबईच्या लोकलबद्दलच्या बातम्यांतही गाड्या वीस मिनिटं उशिरानं ‘धावत’ असतात. ती बातमी वाचणारा फलाटावरचा माणूस घरी फोन करून सांगतो, ‘गाड्या लेट चालल्यात.’ छापील मराठी धावते, बोलणारी चालते.

‘धावणे’ आपलंसं केलं ते क्रिकेटनं. धावा, धावचीत, धावफलक, धावतं समालोचन! यातले बरेच शब्द आकाशवाणीवरून, बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांच्या आवाजात घरोघर पोचले. खुद्द इंग्लंडात पूर्वी धावा मोजायला काठीवर खाचा पाडत आणि धावेलाही ‘खाच’च म्हणत. म्हणजे ‘रन’ला तिथेही आपली जागा कमवावी लागली.

सगळ्यांत गमतीचा ‘रन’ बँकेतला. बँक बुडणार अशी आवई उठली की ठेवीदार पैसे काढायला लोटतात, त्याला इंग्रजीत ‘बँक रन’ म्हणतात. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘नॉर्दर्न रॉक’ बँकेवर अशी वेळ आली. १८६६ मध्ये ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली, त्यानंतर त्या देशानं असं दृश्य पाहिलं नव्हतं. दृश्य कसलं? शाखेच्या दारापासून फुटपाथवर वळत गेलेली रांग. पळत कुणीच नव्हतं. सगळे तासन्‌तास उभे.

निवडणुकीत तर इंग्रजीचंच इंग्रजीशी जमत नाही. अमेरिकेतला उमेदवार अध्यक्षपदासाठी ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. ब्रिटनमधला पार्लमेंटसाठी ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. मराठी उमेदवारही उभाच राहतो, पण त्याची एक पुढची पायरी आहे, ती या दोघांकडे नाही. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनची मुदत संपायच्या आत बोलणी जमली, तर तो ‘बसतो’. जमली नाहीत आणि वरून दटावणी आली, तर त्याला ‘बसवतात’.