पैसा संपला, मग पुढे काय?



आपण आता वाचू लागलो. रेशनकार्डाचा अर्ज आपल्या हाताने भरू लागलो. आज आपण संस्थेच्या अर्जाविषयी बोलू.

समजा, एखादी संस्था महानगरपालिकेकडे अर्ज करते. म्हणते, “घरात मार खाणाऱ्या बायांना आम्ही न्याय मिळवून देऊ. आम्हाला अनुदान द्या.” काम चांगले आहे. म्हणून पालिकेने डोळे मिटून सही करावी का?

नाही. तो पैसा अंधेरीचा दुकानदार भरतो, मुलुंडचा घरमालक भरतो. तेव्हा अर्ज तपासलाच पाहिजे.

संस्थेची नोंद आहे का? १९५० च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. दरवर्षीचे हिशेब तपासलेले आहेत का? ज्या कामासाठी पैसा मागितला, त्याच कामावर तो खर्च होईल ना?

आणखी एक प्रश्न. हे काम सरकार आधीच करते का? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईची मिळकत कितीही असो, तिला वकील फुकट मिळतो. मग संस्था कशाला? कोणी म्हणेल, बरोबर आहे! पण मार खाल्लेली बाई आधी वकिलाकडे जात नाही. ती दवाखान्यात जाते. “जिन्यावरून पडले,” म्हणते. मलमपट्टी होते, आणि ती पुन्हा त्याच घरी जाते. तिला वकिलापर्यंत नेणार कोण? खरे काम इथे आहे.

हे काम वांद्र्याला झाले. २००० च्या सुमारास ‘सेहत’ ही संस्था आणि महानगरपालिका यांनी मिळून तिथल्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढले. जखम पाहून बाईला आपुलकीने कसे विचारावे, हे डॉक्टर आणि परिचारिका शिकल्या. पोलिसांत तक्रार कशी करावी, कोर्टाचा मार्ग कोणता, हे बाईला केंद्रात समजू लागले.

सुरुवातीला या कामाला बाहेरची देणगी होती. देणगी आज आहे, उद्या नाही. ती संपल्यावर दाराला कुलूप लागले असते, तर त्या बायांनी कुठे जावे? पण तसे झाले नाही. २००६ मध्ये पालिकेने केंद्र आपल्याकडे घेतले. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि उपनगरांतल्या इतर पालिका रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली.

म्हणून अर्ज तपासताना नोंद पाहावी, हिशेब पाहावा. पण शेवटी एक प्रश्न विचारावाच : “पैसा संपल्यावर हे काम कोण चालवील?” याचे उत्तर अर्जात नसेल, तर ते मागून घ्यावे. नुसता कागद अपुरा म्हणून चांगले काम परत धाडू नये, आणि नुसते नाव चांगले म्हणून पैसाही देऊ नये.

हा प्रश्न आपणही विचारू शकतो. आपल्या नगरसेवकाला विचारा. लिहून विचारा. आता आपल्याला लिहिता येते ना?