जुनी गाणी आणि न बोलण्याच्या गोष्टी



मंडळांच्या मेळाव्यांत जुनी चित्रपटगीते हौसेने गायिली जातात. ती मुळात कोणाच्या तोंडी आहेत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ‘माणूस’ (१९३९) चित्रपटातील, उद्याची फिकीर झटकून टाकणारे शांता हुबळीकरांचे गाणे घ्या. चित्रपटात ते मैना नावाची वेश्या गाते. शब्द अनंत काणेकरांचे, चाल मास्टर कृष्णरावांची. आणि कडवी नाना प्रांतांच्या भाषांत! परप्रांती आयुष्य काढलेल्या आम्हां मंडळींना त्या कडव्यांचे कौतुक वाटावे, हे साहजिकच आहे.

‘कुंकू’ (१९३७) याहूनही धीट. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो ‘प्रभात’साठी काढला. जरठ-बाला विवाहाचा प्रश्न देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने १८९९ सालीच रंगभूमीवर आणला होता. परंतु शारदेचा विवाह ऐन वेळी मोडतो. नीरेचा मोडत नाही. ती नकार देते तो लग्नानंतर, वृद्ध वकिलाच्या घरात राहून. पत्नीने पतीला असे नाकारणे, ही गोष्ट त्या काळी माजघरातही कुजबुजत बोलली गेली असती. शांता आपटे यांनी ती भर चित्रपटगृहात, सहकुटुंब आलेल्या प्रेक्षकांसमोर साकारली. पार्श्वसंगीताला फाटा दिल्यामुळे घरातील साधे आवाजही अंगावर येतात. सावत्र मुलाची वाकडी नजरही चित्रपटाने झाकलेली नाही. वकिलाच्या विधवा मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांची. पडद्याबाहेर त्यांनी संततिनियमनाचे कार्य केले, हेही येथे सांगितले पाहिजे.

शेवटांबाबत मात्र आमची तक्रार आहे. वकील आत्महत्या करतो. मैनेच्या हातून मामाचा खून होतो व ती तुरुंगात जाते. लग्नास तयार असलेला पोलीस शिपाई गणपत तसाच राहतो. प्रश्न धीटपणे मांडायचा आणि उत्तराच्या वेळी मृत्यू किंवा तुरुंग आडवा घालायचा! निर्मात्यांना प्रेक्षकांचा धाक वाटला असावा, असा आमचा तर्क आहे.

शांतारामबापूंनीच पुढे १९७२ साली ‘पिंजरा’ काढला. जगदीश खेबुडकरांच्या लावण्या, राम कदमांचे संगीत, सारेच ठसकेबाज. पण तेथे तमासगिरिणीपायी आदर्श मास्तर रसातळाला जातो, आणि चित्रपटाला हळहळ वाटते ती मुख्यतः मास्तरांची. ‘माणूस’ पाहताना जीव मैनेसाठी तुटतो. तेहेतीस वर्षांत रंग आला, धिटाई मात्र उणावली, असे आम्हांला वाटते. आज त्या लावण्यांवर आपल्या शाळकरी मुली नाचतात, आपण टाळ्या देतो. मुलीने कथानक विचारले की वडील मंडळींना चहाची आठवण होते.

आपल्या पुढील गीतसंध्येत शांता हुबळीकरांच्या गाण्याआधी निवेदकाने मैनेविषयी दोन वाक्ये सांगावीत, एवढी विनंती कार्यकारिणीस करून आम्ही आपली रजा घेतो.