खानदेशाच्या जंतूंचा हिशेब खानदेशातच व्हावा



धुळे-नंदुरबारहूनही आलेल्या डॉक्टरांचा हा मेळावा जळगावात भरतो आहे. पुढच्या दोन रांगा आम्ही सिस्टर, ब्रदर, वॉर्डातल्या मावश्या-मामा आणि सफाई कामगारांसाठी राखल्या आहेत. रुग्णालयातला संसर्ग आधी त्यांच्या हातून थांबतो, म्हणून पहिला मान त्यांचा.

पेनिसिलिनचा शोध १९२८चा. अपुऱ्या मात्रेत दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतील, हा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना दिला होता. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं. इशारा मात्र आपण विसरलो. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एकाच वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

चोपडा, रावेर, साक्री, शिरपूरकडचा रुग्ण आपल्यापर्यंत पोचतो तोवर बरीच औषधं घेऊन झालेली असतात. पिशवीतून कापलेली स्ट्रिप निघते. तीन गोळ्या उरलेल्या, नाव कापलेल्या तुकड्यावर गेलेलं. शेड्यूल एच-१ मार्च २०१४ पासून लागू आहे, त्यातल्या औषधांची विक्री नोंदवहीत लिहावीच लागते. म्हणून केमिस्ट बंधूंनाही आज अगत्याने बोलावलं आहे. पण सगळा दोष त्यांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. ताप हटत नाही म्हणून कल्चर न पाठवताच तिसरं अँटिबायोटिक लिहिणारे आपणच असतो.

आणि वॉर्डात काय दिसतं? सलाईनच्या बाटलीच्या बुचात सुई खुपसलेली, आणि दिवसभर त्याच बाटलीतून इंजेक्शनं बनवणं चाललेलं. ती सुई म्हणजे जंतूंसाठी सताड उघडं ठेवलेलं दार. ते बंद करायला पैसा लागत नाही. दुसरी गोष्ट हातांची. हात धुवायचे म्हटलं तर पाण्याची ओढ जळगावला आहे तशी धुळ्यालाही आहे. म्हणून हँडरब हवा: वीस-तीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट चोळलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने तो रुग्णालयाच्या फार्मसीतही बनतो. हात उघड मळलेले असतील तेव्हा मात्र साबण-पाणीच. बाटली खाटेच्या पायथ्याशी असावी. दर रुग्णामागे वॉर्डाच्या टोकाच्या बेसिनपर्यंत कोणी जात नाही.

माझी एक आग्रहाची मागणी आहे. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं, जळगावचं शासकीय महाविद्यालय २०१८ पासूनचं. दोन्हींच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी, खासगी लॅबना सोबत घेऊन, खानदेशाचा एकत्र अँटिबायोग्राम दरवर्षी काढावा आणि तो तालुक्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर लागावा. आपल्याकडच्या लघवीच्या संसर्गात ई. कोलाय कशाला दाद देतो, आयसीयूतला क्लेब्सिएला कशाला देत नाही, हे परगावच्या आकड्यांवरून ताडायचं आणि सरसकट मेरोपेनेम चढवायचं, हे मला मान्य नाही. राखीव औषधं अशीच हातची जातात.

दुपारी भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा बेत आहे. जेवणानंतरचं पूर्ण सत्र या अँटिबायोग्रामच्या कामासाठीच ठेवलं आहे. ज्यांनी कल्चर रिपोर्ट आणले असतील त्यांनी रुग्णांची नावं काढून ते नोंदणीच्या टेबलावर द्यावेत.