अंगठ्याखालचा ळ

(लोकगीतांचे संकलन या विषयावरील कार्यशाळेत सौंसर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘मौखिक गीतांचे लेखन : साधने आणि समस्या’ असा छापला आहे. साधने हा शब्द मोठा भारदस्त आहे. माझे साधन म्हणजे एक माउस. आज मी बरेचसे त्या माउसबद्दलच बोलणार आहे, तेव्हा अध्यक्षांची आधीच क्षमा मागते.

रामाकोना, लोधीखेडा, पिपळा या बाजूच्या गावांतून मी आणि माझे विद्यार्थी बायांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत आलो आहोत. मुद्रण करायला वेळ लागत नाही. आजीने चहा ठेवायच्या आत यंत्र सुरू होते. खरे काम पुढे असते. एक तासाचे मुद्रण कागदावर उतरवायला माझे एक-दोन दिवस सहज जातात. ऐकायचे, थांबवायचे, मागे न्यायचे, पुन्हा ऐकायचे, मग टंकायचे. उजवा हात सारखा कळफलकावरून माउसवर आणि माउसवरून कळफलकावर. पूर्वी कार्यालयांतले टंकलेखक यासाठी शिवणयंत्रासारखे पायाने दाबायचे पेडल वापरत. पाय फीत मागे नेई आणि हात मोकळे राहत. माझ्याकडे पेडल नव्हते. मनगट मात्र दुखू लागले होते. एका विद्यार्थ्याने सुचवले, “मॅडम, सगळं बोटांवरच कशाला टाकता? अंगठ्याला काम द्या ना.” मग त्याच्यासोबत नागपूरला बर्डीवर जाऊन अंगठ्याजवळ जास्तीची बटणे असलेला माउस घेतला.

ही बटणे आपण सांगू ते काम करतात. सोबतच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बटणाला एखादी कळ किंवा कळींची मालिका नेमून द्यायची. कल्पना नवी नाही. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये पहिला माउस बनवला. तो लाकडी होता आणि त्याला एकच बटण होते. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तोवर बटणे तीन झाली होती. शिवाय त्यांच्या डाव्या हाताशी पाच कळींचा एक छोटा फलक होता. कळी वेगवेगळ्या जुळणीने एकत्र दाबल्या की अक्षरे उमटत. म्हणजे आज मी अंगठ्याने अक्षर काढते याचे एंगेलबार्टना नवल वाटले नसते.

मी पहिले बटण दिले ते ‘ळ’ला. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ एकाच कळीवर आहेत, ळ साठी शिफ्ट दाबावी लागते. दुसरे बटण ‘शेतकऱ्या’तल्या अर्ध्या ऱ ला दिले, तिथे शिफ्टसह एक कळ आणि मग हलन्ताची दुसरी, अशी कसरत असते. ळ पहिला का, हे सौंसरच्या माणसाला सांगायची गरज नाही. आपल्याकडे शाळा हिंदी, कचेरी हिंदी, अर्ज हिंदी. वर्गात हजेरीपटावर ‘काले’ लिहिलेला मुलगा घरी काळे असतो. पिपळ्याची पाटी ‘पिपला’ म्हणते. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर छिंदवाड्यातून त्यात आले, पाट्या पुन्हा रंगल्या, पण ळ काही आला नाही. माझ्या मनात जरा अभिमानच होता, की निदान माझ्या टेबलावर तरी ळ सगळ्यांत सोप्या जागी आहे.

एक गंमत सांगते. माउसच्या स्वतःच्या स्मृतीत ही नेमणूक साठवता येते, म्हणून तो मी महाविद्यालयात नेला. सहकाऱ्यांसमोर ऐटीत अंगठा दाबला, तर पडद्यावर इंग्रजी मोठा ‘एन’ उमटला. त्या संगणकावर इंग्रजी कळफलक सुरू होता. माउसला ळ ठाऊकच नव्हता. तो फक्त ‘शिफ्ट आणि अमुक कळ’ एवढा निरोप पोचवत होता. त्या निरोपाचे अक्षर संगणक ठरवतो.

आता मूळ मुद्दा. दोन-तीन महिने काम झपाट्याने झाले. चाळीसेक पाने झाली. मग एका विद्यार्थिनीला मी ती पाने मुद्रणाशी ताडून पाहायला दिली. ती दुसऱ्याच दिवशी परत आली. म्हणाली, “मॅडम, आजी ‘डोया’ म्हणतात. तुम्ही ‘डोळा’ लिहिलंय.” मी म्हटले, एखाद्या ठिकाणी चुकले असेल. तिने यादी पुढे केली. आभाय, शायेत, सकायी, केयी. जिथे जिथे आजीने य उच्चारला होता, तिथे माझ्या कागदावर ळ होता.

आपल्या भागात आणि पलीकडे वऱ्हाडातही ळ चा य होतो, हे मी स्वतः एम. ए.च्या वर्गात शिकवते. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा 1905 चा सातवा खंड मराठीचा आहे. त्यात वऱ्हाडी, नागपुरी नमुने आहेत, तेही विद्यार्थ्यांना दाखवते. आणि तरीही माझा अंगठा दुरुस्त्या करत सुटला होता. पूर्वी ळ साठी शिफ्ट शोधावी लागे, तेवढ्या अर्ध्या क्षणात कान पुन्हा विचारत असावा, की खरेच ळ आहे का? नव्या माउसने तो अर्धा क्षणही वाचवला. हिंदीने खाल्लेला ळ परत आणायचा म्हणून मी ज्या बटणावर खूष होते, त्याच बटणाने आजीचा य खाल्ला.

पाने पुन्हा ऐकायला घेतली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तीच आजी गप्पा मारताना ‘डोया’ म्हणे आणि काही ओव्यांत मात्र स्वच्छ ‘डोळा’ गाई. सगळ्याच नाही, काही. त्या ओव्या तिने कुठून आणल्या असतील? वारीला जाऊन आलेल्या सासूकडून? हा प्रश्न माझ्या पहिल्या चाळीस पानांवरून कोणाला पडलाच नसता.

आणि एक शब्द तर मला अजून सुटलेला नाही. विठ्ठलावरच्या एका ओवीत आजी ‘काया’ म्हणते. मी ‘काळा’ लिहून मोकळी झाले होते, कारण विठ्ठल काळाच. पण ‘काया’ म्हणजे देहही होतो, आणि त्या ओवीत तोही अर्थ बसतो. विचारायला गेले असते, पण मुद्रणानंतरच्या दिवाळीत आजी गेली. माझ्याकडे आता फक्त आवाज आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. तो आकडा मी पूर्वी कौतुकाने सांगत असे. आता तो ऐकला की वाटते, तिथेही प्रत्येक ओळीला कोणीतरी कान देऊन असे छोटे छोटे निर्णय घेतले असतील, आणि तेही बहुधा थकलेल्या हाताने.

माउस मी टाकलेला नाही. मनगटाला त्याने खरेच आराम आहे, आणि ज्यांचे हात दुखतात त्यांनी जरूर घ्यावा. बटणे मात्र बदलली. ळ च्या जागी आता ‘तीन सेकंद मागे’ आहे, दुसऱ्या बटणावर थांबणे आणि सुरू करणे. ळ हवा असला की करंगळी शिफ्टवर जाते. वेग घटला आहे. अर्ध्या ऱ चे बटण काढू नये असे फार वाटत होते, पण आजी ‘शेतकऱ्याले’ म्हणते की ‘शेतकर्‍यायले’, हेही ऐकावेच लागते, तेही काढले.

‘काया’ सध्या ‘काया’ असाच ठेवला आहे, खाली टीप देऊन. ती ओवी मी आता तुम्हाला ऐकवते. आवाज जरा बारीक आहे, मागच्या मुलांनी पुढे येऊन बसावे. तुम्हाला काय ऐकू येते ते कागदावर लिहा आणि जाताना माझ्याकडे द्या.