स्वतःच्या वागण्याचा अंदाज

'यंदा पिकाच्या पैशातून पन्नास हजार बाजूला टाकायचे' हा संकल्प झाला. 'गेल्या तीन हंगामांचा अनुभव पाहता यंदा खरोखर किती बाजूला पडतील?' हा अंदाज. हा दुसरा प्रश्न माणूस स्वतःला क्वचितच विचारतो आणि पुष्कळ बेत तेवढ्यासाठीच फसतात.

नुसते विचारण्यानेही वागणे बदलते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन शर्मन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना फोनवर विचारले होते: कर्करोग संस्थेसाठी तीन तास निधी गोळा करायला बोलावले, तर जाल का? जवळजवळ निम्मे 'हो' म्हणाले. पुढे खरेच बोलावणे आले तेव्हा या गटातले ३१ टक्के तयार झाले. ज्यांना आधी काहीच विचारले नव्हते, त्यांच्यातले अवघे ४ टक्के. अंदाज पुरता खरा ठरला नाही, तरी कामाला लागला.

मुदतीचा अंदाज मात्र बहुतेक वेळा चुकतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असे सांगितले. सगळेच बिघडले तर ४९ दिवस. प्रत्यक्षात ५५ हून अधिक दिवस लागले. माणूस कामाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणतो, मागच्या वेळची रखडपट्टी आणत नाही. म्हणून अंदाज मनाला विचारून नव्हे, मागची वही उघडून करावा.

उदाहरणार्थ, जबलपूरजवळच्या शहपुऱ्याकडे हिरवा वाटाणा हे हिवाळ्यातले रोख पैशाचे पीक. तोडणी टप्प्याटप्प्याने होते, तसा पैसाही थोडाथोडा येतो आणि तसाच जातो. मुलीच्या फीसाठी पैसे राखायचे ठरवलेल्या शेतकऱ्याने वहीवरून प्रामाणिक अंदाज केला, तर गळती कुठे आहे ते दिसते: रोकड घरी आली की उधारी, लग्नातले आहेर, पाहुणे. मग फीचा वाटा मंडीतून घरी येण्याआधीच बँकेत ठेवीत टाकायचा, हा उपाय आपोआप सुचतो. 'अमुक घडले की तमुक करायचे' असे आधी ठरवलेले काम तडीस जाण्याची शक्यता वाढते, असे पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून दिसले आहे.

अंदाज आकड्यात असावा: दहापैकी किती वेळा जमेल? उत्तर तीन आले तर स्वतःला दूषण देऊन काही साधत नाही. व्यवस्था बदलावी आणि पुन्हा आकडा काढावा. तो सात-आठवर येईपर्यंत बेत कच्चाच समजावा. 'माझा स्वभावच असा' असे म्हणून कमी आकडा मान्य करून बसणे हा या पद्धतीचा सर्वांत घातक गैरवापर आहे.

पहिल्या तोडणीआधी अंदाज तारीख घालून लिहावा, घरातल्या एकाला दाखवावा आणि हंगाम संपल्यावर पासबुकाशी ताडून पाहावा.