यातून पबजी बनेल का?

(तरुणांच्या प्रोग्रॅमिंग शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या शिबिरात पहिल्या तासाभरातच मागच्या बाकावरून एक प्रश्न आला होता. "सर, या स्क्रॅचमधून पबजी बनेल का?" सगळे हसले. मीही हसलो आणि "आधी मांजर तर चालवून दाखव" म्हणत वेळ मारून नेली. घरी जाताना वाटलं, प्रश्न अगदी रास्त होता, टाळलं ते मीच. तो मुलगा आज इथं बसलाय. तर हे उशिराचं उत्तर त्याच्यासाठी.

नाही बनणार. स्क्रॅचचा पडदा ४८० बाय ३६० बिंदूंचा. एका वेळी पात्रांच्या जास्तीत जास्त ३०० प्रती करता येतात, त्यापुढं तो साफ नकार देतो. पायथॉन घेतलीत तरी अडचण आहेच. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची असतील तर एका चित्रामागं जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात शंभर खेळाडू कुठं आहेत, गोळी कुणाला लागली, भिंत मध्ये आली का, हे सगळं मोजायचं. साध्या पायथॉन लूपच्या नाकी नऊ येतात. पबजी अनरियल इंजिनवर उभी आहे, तिच्यामागं सी प्लस प्लस आहे, मोठी टीम आहे, भरपूर पैसा आहे. तुम्ही एकट्यानं, भावाच्या लॅपटॉपवर, रात्री दहानंतर ते करू शकणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर दोन महिन्यांनी तुम्ही मला शिव्या द्याल.

पण सोप्या भाषा मुळात निघाल्या कशासाठी ते बघा. बेसिक ही भाषा १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी तयार केली. गणित-विज्ञान न शिकणाऱ्या पोरांनाही कॉम्प्युटर वापरता यावा, हा हेतू. आणि लोकांनी तिच्यात केलं काय? गेम. डेव्हिड अहल यांनी १९७३ मध्ये बेसिकमधल्या गेमचं पुस्तक काढलं, पुढं त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. पुस्तकात छापलेला कोड लोक ओळ न ओळ टाइप करायचे, एक स्वल्पविराम चुकला की गेम बंद. चूक शोधता शोधता प्रोग्रॅमिंग शिकायचे.

मोठ्या लोकांना हे आवडलं नाही. डाइक्स्ट्रा हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. त्यांनी १९७५ मध्ये लिहिलं की आधी बेसिक शिकलेल्या मुलांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य आहे. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातही हाच सूर होता. सी म्हणजे खरी भाषा, बाकी पोरखेळ. पहिलं वर्षभर आम्ही फॅक्टोरियल आणि प्राइम नंबर छापले आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेव्हाच मनातून प्रोग्रॅमिंग सोडून दिलं. डाइक्स्ट्रा थोर होतेच. या बाबतीत मात्र मला ते पटत नाहीत.

आता लुआ या भाषेचं बघा. ब्राझीलमधल्या रिओच्या एका विद्यापीठात १९९३ मध्ये ती जन्मली. बाहेरचं सॉफ्टवेअर आणण्यावर तिथं बरीच वर्षं निर्बंध होते, म्हणून घरचंच करायची सवय लागलेली. वापरणारे होते तेल कंपनीतले इंजिनिअर, पेशानं प्रोग्रॅमर नव्हेत. त्यामुळं भाषा सोपी ठेवली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. (आपल्याकडं चांद म्हटलं की आधी ईद आठवते, ते सोडा.) याच लुआत, 'लव्ह' नावाची मोफत चौकट वापरून, कॅनडातल्या एका माणसानं 'बलात्रो' हा गेम एकट्यानं लिहिला. त्यानं आपलं खरं नाव आजवर सांगितलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेम आला आणि पुढच्या जानेवारीपर्यंत ५० लाख प्रती गेल्या.

हे कसं जमतं? सोपी भाषा जड काम स्वतः करतच नाही. चित्र काढणं, आवाज वाजवणं हे खाली सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले भाग करतात. लुआ किंवा पायथॉन वरून फक्त हुकूम सोडते. तुमच्या हाती उरतात ते नियम: काय केलं की काय होईल.

बलात्रोत पोकरचे पत्ते आहेत, म्हणून काही जण नाक मुरडतील. त्यात पैसे लावायची सोयच नाही. युरोपातल्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेनं त्याला आधी १८ वर्षांवरचा शिक्का मारला, अपील झाल्यावर २०२५ मध्ये तो १२ वर आणला. खरा जुगार खेळवणारी ॲप आपल्या मोहल्ल्यातल्या किती फोनवर आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दुसरं उदाहरण 'अंडरटेल'चं. टोबी फॉक्स यांनी तो २०१५ मध्ये गेममेकरमध्ये केला. हे गेममेकर १९९९ मध्ये मार्क ओव्हरमार्स या डच प्राध्यापकांनी सुरू केलेलं साधन. अंडरटेलमधले संवाद एका अवाढव्य स्विचमध्ये कोंबलेले आहेत. आमच्या ऑफिसात असा कोड कुणी तपासायला पाठवला तर त्याची खैर नाही. पण खेळणाऱ्याला कोड दिसत नाही. त्याला दिसतं ते हे की समोर आलेल्या राक्षसाला मारायचं की सोडून द्यायचं हे आपल्या हातात आहे, आणि आपण काय केलं ते गेम विसरत नाही. त्यासाठी लागतं काय? एक व्हेरिएबल आणि एक इफ. ते तुम्ही आज दुपारी शिकणार आहात.

मोठ्या गेमचे नियमही असेच काहीतरी बोलत असतात. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या २००९ च्या भागात कराची शहर आहे आणि तिथल्या दुकानांच्या पाट्या अरबीत! कराचीत पाट्या उर्दूत असतात, एवढं विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. तिथल्या माणसांचं गेममधलं काम एवढंच, समोर येणं आणि गोळी खाणं. तीच बंदूक हातात घेऊन आपली पोरं मजेत खेळतात. मीही खेळलोय.

पण गेल्या शिबिरात इथं जो पहिला बरा गेम तयार झाला तो घरावरच होता. अकरावीतल्या एका मुलीनं स्क्रॅचमध्ये केला. पडद्यावर एक मुलगी, समोर वही. स्पेसबार दाबत राहिलं की 'अभ्यास' हा आकडा वाढतो, शंभर झाला की जिंकलं. मध्येच अम्मी हाक मारते, पाणी भर. पाहुणे येतात, चहा ठेव. भाईला इस्त्रीचा शर्ट हवा असतो. प्रत्येक हाकेला उठावं लागतं, आणि उठलं की आकडा दहानं खाली येतो. नाही उठलं तर 'घरातली शांतता' नावाचा दुसरा आकडा घसरतो, तो शून्य झाला की गेम संपला. तिचा भाऊ खेळला, चार वेळा हरला आणि म्हणाला, "हे बरोबर नाही, यात जिंकताच येत नाही." ती म्हणाली, "मग?"

आपल्या चळवळीत या विषयावर मी कितीतरी भाषणं ऐकलीत, काही दिलीतही. त्या भावाला चार वेळा हरवणं त्यातल्या एकालाही जमलं नसतं. सगळा कोड होता तीस-चाळीस ठोकळ्यांचा.

तिचं बघून मीही पायथॉनमध्ये एक गेम लिहिला. ऐंशीएक ओळी, चित्रं नाहीत, नुसता मजकूर. तुम्हाला पुण्यात भाड्यानं खोली हवी आहे. बारा फोन नंबर आहेत. नाव लगेच सांगायचं, मित्राला फोन करायला लावायचं की डिपॉझिट वाढवून द्यायचं, तुम्ही ठरवायचं. तुमच्यातल्या अनेकांनी हा गेम न खेळताच खेळलेला आहे.

अडचण आली ती एका आजींची. मला स्वतःला पुण्यात खोली दिली ती एका आजींनीच. नाव ऐकून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, घरात मटण शिजवणार का. त्यांना गेममध्ये कसं आणायचं? रँडमवर सोडलं तर त्यांचा चांगुलपणा म्हणजे लॉटरी होते. म्हणून मी नियम केला, ज्यानं अकराही फोनवर नाव लपवलं नाही त्यालाच आजी भेटतील. माझा एक मित्र भडकलाच. "नाव लपवणाऱ्याला शिक्षा कशाला? त्यानं काय गुन्हा केलाय?" त्याचं बरोबर आहे. मी नियम काढून टाकला, मग आजी पुन्हा लॉटरीवर आल्या. भांडण अजून मिटलेलं नाही. आज तो गेम तुमच्यापुढं ठेवणार आहे, नियम बदलून बघा.

फोनवाल्यांसाठी दोन शब्द. स्क्रॅचमध्ये गेम तयार करणं फोनच्या छोट्या पडद्यावर जिकिरीचं आहे, तयार गेम खेळता मात्र येतो. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड घेतलंत तर पायथॉन लिहिता येतं. ऐंशी ओळी अंगठ्यानं टाइप करणं कंटाळवाणं आहे, पण होतं.

जेवणानंतर बसू. लॅपटॉप आठ आहेत आणि आपण तीस-बत्तीस जण. गेल्या वेळी प्रत्येक लॅपटॉपवर कीबोर्ड मुलांकडं होता आणि मुली मागं उभ्या राहून सांगत होत्या. आज उलट बसायचं आहे. आणि तो पबजीवाला, तू तिसऱ्या लॅपटॉपवर, अभ्यासाच्या गेमवाल्या ताईशेजारी.