पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते?



डहाणूच्या पुरांची हकिकत लिहून काढण्याचे काम मंडळाने माझ्या गळ्यात घातले, तेव्हा वाटले होते की दोन वह्या सहज भरतील. प्रत्यक्षात एकही भरेना! ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली छापले गेले. त्यात नद्या-खाड्या आहेत. पण कोणाच्या ओट्याला पाणी लागले, हे तिथे कशाला असेल? पालघर जिल्हा झाला २०१४ साली, तेव्हा जुने सारे ठाण्याच्या नावाखाली धुंडाळायचे. तलासरीकडचे कोडे आणखी अवघड. १९६० साली राज्ये वेगळी झाली आणि उंबरगाव तालुक्याची वाटणी झाली; तिकडची नोंद कोणत्या दप्तरात पाहावी, इथूनच सुरुवात.

पावसाचे आकडे मात्र मिळतात. पण मोजणी सकाळी साडेआठला होते. रात्री कोसळलेला पाऊस दुसऱ्या तारखेवर चढतो. शिवाय पाऊस किती पडला हे कळले, तरी खाडीचे पाणी घरात का शिरले ते कळत नाही.

ते मला कळले सासूबाईंमुळे. सन त्यांना सांगता येत नसे. "तुझ्या वन्सं पाच दिवसांच्या होत्या, पाचवी पुजायची होती. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी पाणी चढलं," एवढेच त्या सांगत. मी मनात हसत असे. पुढे मच्छीमार भगिनींचा हिशेब ऐकला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, प्रतिपदेला पाऊण. म्हणजे भरदुपारच की! वरून पाऊस, समोरून पौर्णिमेचे उधाण. ओढ्याच्या पाण्याने जायचे कुठे?

सन ठरवायला वन्संचा शाळेचा दाखला काढला. जन्मतारीख १ जून! (गुरुजींची कृपा. आपल्यापैकी कितीजणींची तीच आहे, हात वर करा पाहू.) श्रावणात पाच दिवसांची असलेली मुलगी जूनमध्ये जन्मेल कशी? तारीख खोटी, म्हणजे सनाचाही भरवसा नाही. आता मागचीपुढची धरून तीन वर्षांची पंचांगे मिळवून त्या प्रतिपदांच्या तारखा काढायच्या, आणि त्या दिवशीचा व दुसऱ्या दिवशीचा असे दोन्ही पावसाचे आकडे पाहायचे आहेत.

तलासरीला, वरोळी नदीच्या वरच्या अंगाला, भरतीचा हिशेब चालत नाही. तिथे विचारावे लागते, लावणी झाली होती की राब अजून शेतातच होता? पाड्यांवरच्या कुडाच्या भिंतीवर पाण्याची रेघही टिकत नाही. तिथे माणसाची आठवण हेच दप्तर.

सासूबाई म्हणत, पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत होते. शेजारच्या आजी म्हणतात, ओट्यावर आले होते. मी बरेच दिवस दोघींत खरे कोण, या विचारात होते. परवा कळले की आमचा ओटा नंतर भराव घालून उंच केला. मग तिसरी पायरी जुनी की नवी? हे विचारायला सासूबाई आज नाहीत. तुमच्या घरी विचारण्यासारखे कोणी असेल, तर आज रात्रीच विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून मला आणून द्या.